नळी आणि रांगणारं बाळ

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लेकीने रांगत रांगत स्वयंपाकघराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला तो दिवस मला चांगला आठवतो. मी ओट्यापाशी होते. मागे हुंकार ऐकू आला म्हणून वळून पाहिलं, तर ही दोन्ही हात टेकून माझ्याकडे बघून हसतेय आणि माजघरापासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर दुधाची पांढरी रेघ उमटलीय. पोटातल्या नळीचं बूच निघालं होतं. अर्ध्या तासापूर्वी मांडीवर घेऊन, वीस मिनिटं सिरिंज हातात धरून दिलेलं दूध घरभर सांडलेलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लक्ष्मीची पावलं उमटतात तशी हिची दुधाची उमटली." मला मात्र हसावं की रडावं कळेना. तिचं वजन पंधरा दिवसांत जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम वाढत होतं आणि त्यासाठी प्रत्येक चमचाभर दुधाचा हिशेब आम्ही वहीत लिहीत होतो.

श्रोतेहो, पोटावर नळी असलेलं बाळ फारसं कुणी पाहिलेलं नसतं. झबल्याखाली झाकलेली ती गोष्ट. नळी कशी धुवायची, दूध कसं द्यायचं, हे रुग्णालयातल्या सिस्टर शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण ते शिकवणं असतं आडव्या, एका जागी राहणाऱ्या बाळासाठी. तेच बाळ पालथं पडायला लागतं, बसतं, रांगतं, धरून उभं राहतं, तेव्हा काय करायचं, हे मात्र आम्हाला चुकत-माकत शिकावं लागलं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. एका मुलीची आई आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी नळी का लागली ते सांगते. मे २०१८ मध्ये कराडला मुलीचा जन्म झाला. जन्मल्यापासून तोंडाला सारखा फेस. पोटात घालायची बारीक नळी तोंडातून आत जाईना, वळून परत वर येई. क्ष-किरण चित्रात पोटात हवेचा ठिपकाही नव्हता. तिची अन्ननलिका मधेच तुटलेली होती. वरचं टोक बंद, खालचं टोक बंद आणि मधे मोठं अंतर. अन्ननलिकेचा असा जन्मजात दोष साधारण तीन-चार हजार बाळांत एखाद्याला असतो. त्यांतल्या बहुतेकांचं खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं असतं आणि पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया करून दोन्ही टोकं जुळवता येतात. आमच्या मुलीचा प्रकार शंभरात सात-आठ जणांत आढळणारा. टोकं इतकी लांब की लगेच जोडणं शक्य नव्हतं.

मग पुण्याच्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी केल्या. वरचं टोक मानेच्या डाव्या बाजूला बाहेर काढलं, म्हणजे लाळ तिथून बाहेर पडेल, फुप्फुसात जाणार नाही. आणि पोटाला छोटं भोक पाडून जठरात नळी बसवली. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला गॅस्ट्रॉस्टॉमी म्हणतात. हल्ली ही नळी तोंडातून दुर्बीण घालून, पोट न उघडता बसवता येते. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला ती पद्धत पहिल्यांदा वापरली, तीही साडेचार महिन्यांच्या बाळावर. पण आमच्याकडे दुर्बीण जायला वाटच नव्हती. त्यामुळे जुन्या पद्धतीने पोट उघडूनच ती बसवावी लागली. बाळ वर्षा-सव्वा वर्षाचं झालं, वजन नऊ-दहा किलोपर्यंत आलं, की जठर वर ओढून अन्ननलिकेच्या जागी आणायचं, असं ठरलं. तोपर्यंत घरी न्या आणि वाढवा, असं सर्जननी सांगितलं. "वाढवा" हा शब्द केवढा मोठा आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

आमची नळी म्हणजे मुळात लघवीसाठी वापरतात ती फोलीची नळी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पोटासाठीही तीच वापरतात. स्वस्त असते आणि तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. तिच्या आतल्या टोकाला छोटा फुगा असतो. नळी जठरात गेली की फुग्यात पाच मिलिलिटर पाणी भरायचं, म्हणजे ती निसटत नाही. हवा भरायची नाही, हळूहळू निघून जाते. सलाइनही नाही, मिठाचे कण साचून झडप अडकू शकते. साधं डिस्टिल्ड पाणी. बाहेरच्या बाजूला तिला दोन तोंडं असतात. एक दुधाचं, दुसरं फुग्याचं. पाहुणे म्हणून आलेल्या आमच्या एका नातेवाईक बाईंनी प्रेमापोटी फुग्याच्या तोंडाला सिरिंज लावली होती, मी वेळेवर पाहिलं. त्या दिवशी मी त्या तोंडाभोवती लाल दोरा बांधला. लाल दोरा म्हणजे हात लावायचा नाही.

नळीच्या जाडीचं माप 'फ्रेंच' या एककात असतं. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. आमची बारा फ्रेंच, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. का, ते पुढे येईल.

पहिले चार महिने तसे बरे गेले. खरं सांगायचं तर आम्ही तिला हलूच दिलं नाही. नळी दुखेल, निघेल, या धास्तीने सदा उताणी ठेवलेली. चार महिन्यांची झाली तरी मान नीट धरेना. डोकं मागून चपटं झालं. फॉलोअपच्या वेळी फिजिओथेरपिस्ट बाई आमच्यावर चांगल्याच रागावल्या. "नळी पोटाला आहे, पाठीच्या कण्याला नाही. हिला पालथं घाला," म्हणाल्या. त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून तिच्या छातीखाली ठेवली, नळी गुंडाळीच्या खालच्या अंगाला मोकळी राहील अशी, आणि तिला पालथं घातलं. लेक दोन मिनिटं रडली, तिसऱ्या मिनिटाला मान उचलून समोरचा पंखा बघायला लागली. मला ओशाळल्यासारखं झालं. जखम भरल्यानंतर अशा मुलांना पालथं पडायला, रांगायला कसलीच बंदी नसते. पोट भरलेलं नको एवढंच. दूध दिल्यावर अर्धा-पाऊण तास डोकं उंच ठेवून मांडीवर घ्यायचं आणि मग सोडायचं. आम्ही पुढे क्रमच उलटा केला. आधी खेळ, मग दूध, मग झोप.

पाचव्या महिन्यात बाळाच्या हातांना पकड येते आणि जे हाताला लागेल ते ओढायचं असतं. पण पहिल्यांदा नळी निघाली ती तिच्या हाताने नाही, माझ्या. ऑक्टोबरमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला अंगावरचं झबलं काढताना नळी माझ्या बांगडीत अडकली. फुगा फुटला असावा, कारण फार जोर न लागताच ती बाहेर आली. पोटावर चार मिलिमीटरचं भोक, त्यातून थोडं दूध, आणि मी नुसती बघत बसले.

आम्ही काय केलं? स्वच्छ कापूस लावला, वर पट्टी बांधली आणि पहाटेची गाडी धरून पुण्याला निघालो. समजूतदारपणे वागलो असंच वाटत होतं. पोचेपर्यंत बारा तास उलटले होते. भोक जवळजवळ मिटलेलं. पोटातली ही वाट काही तासांतच आवळायला लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर घरी जायच्या गडबडीत कानांवरून गेलं असेल. भूल देऊन, आधी बारीक मग जाड सळ्या घालून वाट पुन्हा मोठी करावी लागली. दीड दिवस लेक सलाइनवर. तोंडाने काही देता येत नाही, पोटातूनही नाही. भुकेने रडणाऱ्या मुलीला नुसतं थोपटत बसायचं, ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

त्यानंतर सर्जननी आम्हा दोघांना समोर बसवून शिकवलं. त्याचा सारांश असा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा आठवडे नळी निघाली तर घरी कुणीही आत काही घालायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. कारण तेव्हा जठर आणि पोटाची भिंत नीट चिकटलेली नसतात, नळी भलत्याच जागी जाऊ शकते. त्यानंतर मात्र भोक उघडं ठेवणं हे पहिलं काम. तीच नळी धुऊन, किंवा हाताशी असलेली त्याच मापाची अथवा एक माप बारीक नळी, थोडी आत सरकवून पोटाला चिकटपट्टीने घट्ट बसवायची आणि निघायचं. वाटेत तिच्यातून दूध द्यायचं नाही. ती वाट उघडी ठेवायला आहे, खायला नाही. आणि जोर मुळीच करायचा नाही.

पूर्ण नवी नळी घालायलाही त्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांच्या देखत दोनदा करून घेतलं. पण ते मी इथे सांगत नाही. ते ऐकून किंवा वाचून करायचं काम नाही. आपल्या बाळाच्या सर्जननी आपल्या हातांनी करवून घेतलं असेल तरच करावं.

त्या दिवसापासून घरात एक स्टीलचा डबा आला. त्यात बारा आणि दहा फ्रेंचच्या दोन नळ्या, सिरिंज, पाण्याची कुपी, जेली, चिकटपट्टी, आणि नळीचं माप, शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालयाचा फोन लिहिलेलं कार्ड. डबा बाळाबरोबर फिरायचा. लग्नाला गेलो तरी, शेजारी गेलो तरी. माझ्या बांगड्या मात्र त्या दिवशी उतरल्या त्या वर्षभर उतरल्याच.

डिसेंबरमध्ये बाईसाहेब रांगायला लागल्या, आणि प्रश्नांची जातच बदलली.

पहिला प्रश्न, लोंबणारी नळी. आमची नळी बाहेर वीतभर असायची. ती खाली, लंगोटाच्या दिशेने ठेवायची सवय होती. उताण्या बाळाला ते ठीक. रांगणारं बाळ गुडघा पुढे टाकतं तो नेमका नळीच्या टोकावर, आणि मग अंग पुढे जातं, नळी मागे राहते. टोक वर, छातीच्या दिशेने वळवलं आणि हा त्रास निम्म्याने कमी झाला. इतकी साधी गोष्ट सुचायला आठवडा लागला! नळी भोकातून बाहेर येते तिथून दोन-तीन बोटं सोडून तिला सैल वळसा द्यायचा आणि मग पोटाला पट्टी लावायची. म्हणजे झटका बसला तर तो पट्टीवर बसतो, भोकावर नाही. कपड्याला पिनेने अडकवायची नाही. कपडा ओढला की नळीही ओढली जाते.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. झबलं रांगताना वर सरकतं. पायांमधे बटणं लागणारे अंगभर कपडे चांगले, पण त्यांत नळी गुदमरते. यावर उपाय सासूबाईंनी काढला. त्यांनी जुन्या मऊ सुती साडीचे पोटपट्टे शिवले. चार बोटं रुंद, मागे पाठीवर वेल्क्रो, म्हणजे बाळाच्या हाताला सापडत नाही. पुढे आतल्या बाजूने कप्पा, त्यात नळीचं गुंडाळलेलं टोक. पहिल्या पट्ट्याला त्यांनी नळी बाहेर काढायला सुरेख काज केलं होतं. ते चुकलं. पट्टा सरकला की काज नळीला घेऊन सरकायचं. पुढचे सगळे बिनकाजाचे, नुसता कप्पा. पट्टा आणि पोट यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाहीतर दूध घेतल्यावर पोटाला आवळतो. असे आठ पट्टे होते, कारण दिवसाला तीन-चार ओले व्हायचे.

बूच हा तिसरा प्रश्न, त्याची हकीकत सुरुवातीला आलीच. बूच घट्ट बसवायचं आणि शिवाय नळी दुमडून वर छोटा चिमटा. दोन्ही. वाहतं दूध सापडलं, तर किती गेलं याचा अंदाज घेऊन पुढच्या वेळी थोडं वाढवायचं, एकदम सगळं पुन्हा द्यायचं नाही.

चौथी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती दिसत नाही. नळी आत सरकणं. फोलीच्या नळीला बाहेरून अडकवायला काही नसतं. जठर जसं अन्न पुढे ढकलतं तसंच फुग्यालाही ढकलतं, आणि दिवसभर रांगणाऱ्या मुलीची पट्टी सैल झाली की नळी आत आत जाते. फुगा जठराच्या खालच्या दारात जाऊन बसला की वाट बंद. इतर मुलांना अशा वेळी उलट्या होतात. आमच्या लेकीला उलटी होऊच शकत नव्हती, वर वाटच नाही. तिचं पोट टम्म फुगलं, सिरिंजमधलं दूध खाली उतरेना, भोकाच्या कडेने हिरवट पाणी यायला लागलं. रात्रीचे अकरा. फोनवर सर्जननी विचारलं, "बाहेर नळी किती दिसते?" मोजली तर वीतभराऐवजी चार बोटं. हलक्या हाताने, अटकाव लागेपर्यंत मागे ओढायला सांगितली. ओढली, सिरिंज लावून उघडी धरली, आणि पाच मिनिटांत पोट उतरलं. तेव्हापासून कातडीच्या पातळीला नळीवर पक्क्या शाईची खूण आणि प्रत्येक वेळी दूध देण्याआधी त्या खुणेकडे नजर. पुढच्या भेटीत सर्जननी बाटलीचं रबरी निपल कापून नळीवर चढवलं आणि कातडीलगत बसवलं, म्हणजे नळी आत जाईना. जिला कधी बाटली लावता आली नाही तिच्या पोटावर बाटलीचं निपल! आम्ही दोघं गाडीत त्यावर बराच वेळ हसलो.

भोकाभोवतीची कातडी दिवसातून दोनदा साध्या पाण्याने पुसायची आणि कोरडी करायची. हळद, भस्म, पावडर काही नको. रांगायला लागल्यावर तिथे ओलसर लाल मांस वाढलं, हात लावला की रक्ताचा ठिपका यायचा. नळी सारखी इकडेतिकडे घासल्याने ते वाढतं. डॉक्टरांनी सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून ते घालवलं. कडेने गळायला लागलं की लोक म्हणतात, जाड नळी घाला. आम्हालाही एकाने हा सल्ला दिला होता. पण जाड नळीने भोक मोठं होतं आणि काही दिवसांनी तीही गळायला लागते. नळी हलणार नाही अशी बसवणं हाच इलाज. परदेशात आणि इथल्या मोठ्या शहरांत कातडीलगत बसणारं बटण मिळतं. दूध देताना तेवढी नळी जोडायची, एरवी पोटावर नुसतं झाकण. रांगणाऱ्या मुलासाठी ते उत्तमच. पण ते फोलीच्या नळीपेक्षा कितीतरी महाग, आणि आम्हाला काही महिन्यांपुरतंच हवं होतं.

नाकातून नळी असलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. ती नळी ओढली जाऊन अर्धवट बाहेर आली तर टोक घशात किंवा श्वासाच्या वाटेत असू शकतं. म्हणून खूण सरकलेली दिसली तर दूध द्यायचंच नाही, आधी नळी जागेवर आहे याची खात्री शिकवल्याप्रमाणे करून घ्यायची. रांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही तपासणी प्रत्येक वेळी, कंटाळा न करता.

आता तोंडाबद्दल. उष्टावण करायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. खीर चाटवली तर ती मानेतून बाहेर येणार, चारचौघांत ते बरं दिसेल का? पण सर्जन म्हणाले, कराच. नळीने दूध चालू असताना दर वेळी तोंडातही चार चमचे द्या. गिळलेलं मानेतून बाहेर पडू दे, पण तोंडाला चव आणि पोटाला भूक यांची गाठ पडली पाहिजे. नाहीतर पुढे अन्ननलिका तयार झाली तरी मूल खाणार नाही, तोंड घट्ट मिटेल. नोव्हेंबरमध्ये मामाने खीर चाटवली. तिने जीभ फिरवली, गिळली, आणि क्षणभराने मानेवरच्या दुपट्यावर खीर आली. जमलेल्यांपैकी कुणी काही बोललं नाही. मामाने दुपटं पुसलं आणि दुसरा चमचा पुढे केला.

रांगायला लागल्यावर जमिनीवरचं सगळं तिच्या तोंडात जाऊ लागलं. एकदा मानेच्या भोकातून तुरीची डाळ निघाली. आम्हाला हसू आलं, पण नंतर अंगावर काटा आला. डाळ गिळली म्हणून खाली मानेत आली, श्वासात गेली असती तर? संक्रांतीला बोरन्हाण केलं, हलव्याचे दागिने घातले, पण बोरं आणि चुरमुरे डोक्यावरून टाकले ते तिला माझ्या कडेवर घेऊन. लूट बाकीच्या मुलांनी केली.

त्याच आठवड्यात तिने स्वतः नळी काढली. बसल्या बसल्या कप्प्यात हात घातला आणि फुग्यासकट बाहेर ओढून मला दाखवली. थोडं रक्त आलं. या वेळी घड्याळ बघायला कुणी थांबलं नाही. हे डबा घेऊन आले, मी हात धुतले. शिकवल्याप्रमाणे नवी नळी आत गेली, सिरिंजमध्ये जठरातलं पाणी आलं, मग सर्जनना फोन. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. काम झाल्यावर माझे हात कापायला लागले, आधी नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. जठर वर घेतल्यामुळे पोटावरचं ते भोक तेव्हाच बंद केलं, आणि काही आठवड्यांसाठी लहान आतड्यात दुसरी बारीक नळी आली. आतड्याला एकदम दीडशे मिलिलिटर सोसत नाही. त्यामुळे सलाइनसारखं थेंबथेंब द्यायचं, तासन्‌तास. आणि तेव्हा लेक धरून चालत होती! मग खांबाऐवजी मी पिशवी उंच धरून तिच्या मागे मागे, आणि लांब नळी मानेभोवती न येता पायजम्याच्या पायातून खाली काढलेली. खायला मात्र तिने फारसा त्रास दिला नाही. पहिला मऊ भात तोंडात गेला तेव्हा सवयीने मी मानेखाली दुपटं धरलं. ते कोरडंच राहिलं.

सासूबाईंनी ते आठ पट्टे धुऊन, इस्त्री करून वॉर्डातल्या एका साताऱ्याच्या बाईंना दिले. त्यांचं बाळ आमच्यापेक्षा चांगलं गुटगुटीत होतं. पट्टे अपुरे पडले, म्हणून मापं मागवून घेऊन त्यांनी पुन्हा नवे शिवून पाठवले.